डेक्कनआधीचा ‘द’

लकडी पूल ओलांडून बस वळते, कंडक्टर ‘डेक्कन, डेक्कन’ असे ओरडतो आणि निम्मी बस उठून उभी राहते. पुणेकर ‘डेक्कनला उतरायचंय’ म्हणतो, ‘डेक्कनवर भेटू’ म्हणतो. हा शब्द मूळचा आपलाच. संस्कृतातला ‘दक्षिण’ प्राकृतात मऊ झाला, पुढे ‘दख्खन’ बनला, इंग्रजांच्या तोंडी ‘डेक्कन’ झाला आणि तिथून पुण्याच्या बसथांब्यावर परत आला. परत येताना मात्र त्याने एक गोष्ट वाटेत सोडली. इंग्रजीत असताना त्याच्या आधी एक छोटासा ‘द’ लागत असे.

तो ‘द’ पाहायचा तर 1884 सालचे एक मुखपृष्ठ उघडावे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेव्हा डेक्कन कॉलेजात प्राध्यापक होते. त्या वर्षी त्यांचा गाजलेला ग्रंथ निघाला, ‘अर्ली हिस्टरी ऑफ द डेक्कन’. त्याच पुण्यात, त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात टिळक, आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संस्था काढली, ‘डेक्कन एज्युकेशन सोसायटी’. भांडारकरांच्या ग्रंथात प्रदेशाच्या नावाआधी ‘द’ आहे, संस्थेच्या नावात नाही. दोन्ही इंग्रजी बिनचूक आहेत. हा फरक का पडतो, हे समजून घेताना केवळ व्याकरणाचा नियम हाती लागत नाही. कोणी कोणाच्या मुलखाकडे कुठून पाहिले, याचाही इतिहास उलगडत जातो.

मराठीला उपपद नाही. शाळेत आपण आठ शब्दजाती शिकतो, नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने 1762 साली लिहिलेल्या व्याकरणात शब्दांचे नऊ प्रकार मांडले होते आणि त्यात पहिला मान उपपदाला दिला होता. ते एक बाजूला काढले की उरलेली आठ नावे आपल्या आठांशी नेमकी जुळतात. म्हणजे मराठी मुलाला इंग्रजी शिकताना जी एक शब्दजात अगदी नव्याने घडवावी लागते, ती हीच. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर वाढलेल्या पिढ्यांनी हा नियम घोकला. नद्या, समुद्र, पर्वतांच्या रांगा, जहाजे, वर्तमानपत्रे आणि धर्मग्रंथ यांना ‘द’ लावायचा. माणसे, गावे, देश यांना लावायचा नाही. त्यामागचे कारण मात्र वर्गात सहसा कोणी सांगत नसे.

कारण खरे तर सोपे आहे. ‘द’ मुळात बोट दाखवणारा शब्द. जुन्या इंग्रजीतल्या ‘तो, ती, ते’ या दर्शक सर्वनामांतून तो झिजत झिजत तयार झाला. ‘राजा’ म्हटले की कोणता, असा प्रश्न उरतो. बोट दाखवले की प्रश्न मिटतो. विशेषनामाला हा प्रश्नच नसतो. रामाला ‘तो राम’ म्हणून दाखवावे लागत नाही, त्याचे नाव हेच त्याचे बोट. म्हणून विशेषनामाआधी उपपद नको, असा साधा हिशेब आहे.

मग नदीचे काय?

इथे नियमाच्या पोटातला इतिहास दिसू लागतो. जुन्या इंग्रजीत टेम्स नदीचे नाव मोकळेच येई. शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’ या नाटकात लठ्ठ फॉल्स्टाफला मळक्या कपड्यांच्या टोपलीतून टेम्समध्ये फेकतात. त्या एकाच नाटकात टेम्सचा उल्लेख ‘द’सह आहे आणि ‘द’शिवायही आहे. म्हणजे तोवर काही ठरले नव्हते. पुढे ‘द’ पक्का झाला. त्याची सर्वांत पटणारी फोड अशी की नावामागे एक सामान्यनाम लपलेले असते. ‘ती टेम्स नदी’, ‘तो अटलांटिक महासागर’, ‘ते टायटॅनिक जहाज’. नदी, महासागर, जहाज हे शब्द बोलण्यातून गळाले, पण त्यांच्यासाठी आलेला ‘द’ मागे राहिला. ज्या पाहुण्यासाठी पाट मांडला तो उठून गेला, तरी पाट तसाच राहिला.

आपल्याकडच्या नद्यांत तर हा ‘द’ मोठे काम करतो. इंग्रजी मजकुरात नुसते ‘कृष्णा’ आले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे बासरीवाला उभा राहील. ‘द कृष्णा’ आले की महाबळेश्वरला उगम पावून वाईवरून खाली गेलेली नदी. लिपी बदलताना शेवटचा काना हरवला, तेव्हा देव आणि नदी यांच्यातला फरक त्या एका शब्दावर येऊन पडला. मराठीला हे ओझे नाही. आपल्याकडे कृष्ण वेगळा आणि कृष्णामाई वेगळी.

पर्वतांची गोष्ट याहून बोलकी आहे. मराठीत घाट म्हणजे डोंगरातून चढण्या-उतरण्याची वाट: बोरघाट, थळघाट, खंबाटकीचा घाट. डोंगराला आपण सह्याद्री म्हणतो. किनाऱ्यावरून वर चढणाऱ्या युरोपीय लोकांनी वाटेचे नाव ऐकले आणि ते साऱ्या डोंगररांगेला देऊन टाकले. मग इंग्रजीच्या नियमाने रांग म्हणून त्याचे अनेकवचन केले, आधी ‘द’ लावला आणि ‘द वेस्टर्न घाट्स’ तयार झाले. एकट्या शिखराला ‘द’ लागत नाही. कळसूबाई मोकळी, एव्हरेस्ट मोकळे. रांगेला लागतो, कारण रांग म्हणजे अनेकांचा समूह, आणि समूहाला कुंपण घालायचे काम ‘द’ करतो. द्वीपसमूहांचेही तेच. आज जगभर त्या रांगेला याच नावाने ओळखतात, आणि बोरघाट चढणारा मराठी माणूस मात्र अजून घाट म्हणताना वाटच म्हणतो.

आता प्रदेश. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पहिला खंड, दुसरा भाग, 1896 साली निघाला. भांडारकरांचा इतिहास त्यात आहे आणि त्याला लागूनच नेर्न यांचा कोकणचा इतिहास, ‘हिस्टरी ऑफ द कोकण’. म्हणजे डेक्कनला ‘द’, कोकणलाही ‘द’. त्याच गॅझेटिअरमध्ये खानदेश, गुजरात ही नावे मात्र उपपदाशिवाय येतात. कोकण आणि खानदेश यांच्यात असा कोणता भेद होता?

नकाशा पुढे घेऊन पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. खानदेश, गुजरात आणि वऱ्हाड ही सुभ्यांची नावे होती. तिथे सुभेदार होता, हिशेबाची दप्तरे होती, कारभाराची हद्द होती. अशी नावे इंग्रजांनी राज्याच्या नावासारखी वापरली, मोकळी. कोकण, डेक्कन, दोआब, तराई, कर्नाटिक ही त्यांच्या लेखी आधी जमिनीची नावे होती. समुद्र आणि डोंगर यांच्यामधली पट्टी, डोंगरामागचे पठार, दोन नद्यांमधला मुलूख, पायथ्याची दलदल. ‘ती पट्टी’, ‘ते पठार’ असे बोट दाखवूनच त्यांचा उल्लेख होई. हा काही काटेकोर कायदा नव्हे, कर्नाटिकला तर स्वतःचा नबाबही होता; पण रोख असा दिसतो. ज्याची ओळख भूगोलाने झाली त्याला ‘द’ चिकटला, ज्याची कारभाराने झाली तो सुटला.

उपपद नसलेल्या मराठीने हाच भेद दुसऱ्या रीतीने जपला आहे. आपण ‘कोकणात’ जातो, ‘वऱ्हाडात’ जातो, ‘खानदेशात’ राहतो. पण ‘देशावर’ जातो आणि ‘घाटावर’ राहतो. हा ‘देश’ म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेचे पठार, इंग्रजांचा ‘द डेक्कन’ ज्याला बराचसा लागू पडे तोच भाग. ‘देशावर’ या शब्दात कोकणातून वर पाहणारा माणूस उभा आहे. डोंगर चढून गेले की जे लागते ते ‘वर’, म्हणून ‘देशावर’. इंग्रजी जे काम नावाआधी करते ते मराठी नावानंतर करते. उपपद नाही म्हणून ही जाणीव मराठीत नाही, असे समजणे चूक ठरेल.

माणसांच्या नावांतही इंग्रजांना अडचण आली. सर्वसाधारण नियम असा की नावाला उपपद नाही, पदवीला आहे. म्हणून पेशवा हा ‘द पेशवा’, निजाम हा ‘द निजाम’. शिंदे आणि होळकर ही आडनावे; वेलस्लीच्या काळच्या खलित्यांत ती मोकळीच येतात, जशी त्यांच्याकडच्या उमरावांची येत. गायकवाड हेही आडनावच, पण ते इंग्रजीत पदवी होऊन बसले: ‘द गायकवार ऑफ बरोडा’. मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटला विष घालण्याचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून 1875 साली चौकशी झाली. आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. तिघांनी दोषी म्हटले, तिघांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही, आणि तरीही सरकारने त्यांना गादीवरून दूर केले. त्या सगळ्या गदारोळात इंग्रजी पत्रे ‘द गायकवार’ असेच लिहीत राहिली. घराण्याचे नाव हेच सिंहासनाचे नाव, असा तो वापर. स्कॉटलंड-आयर्लंडमध्येही कुळाच्या प्रमुखाला असा ‘द’ लागतो. मॅकिंटॉश कुळाचा नायक ‘द मॅकिंटॉश’ म्हणूनच ओळखला जातो. स्कॉटलंडच्या राजा रॉबर्ट द ब्रूसच्या नावातला ‘द’ मात्र वेगळ्याच वाटेने आला. त्याचे घराणे नॉर्मंडीतल्या एका गावावरून ‘दे ब्रूस’, म्हणजे ब्रूसचे, म्हणवून घेई. त्या ‘दे’चा इंग्रजी जिभेवर ‘द’ झाला.

टिळक-आगरकरांकडे पुन्हा वळू. 1881 च्या जानेवारीत पुण्यातून दोन साप्ताहिके सुरू झाली. एक मराठी, एक इंग्रजी. मराठीचे नाव ‘केसरी’, इंग्रजीचे ‘द मराठा’. माणसे तीच, छापखाना तोच, पण भाषा बदलताच नावाआधी एक शब्द वाढला. इंग्रजी वर्तमानपत्रांची तशी रीतच होती. ‘द टाइम्स ऑफ इंडिया’ 1861 पासून त्याच नावाने निघत होते. ‘मराठा’ या शब्दाला तिथे ‘द’ हवाच होता. नुसते ‘मराठा’ हे इंग्रजी वाचकाला अपुरे वाटले असते आणि ‘द मराठा’ म्हणताच तो एका समाजाचा प्रतिनिधी झाला. ‘केसरी’ला अशा आधाराची गरज नव्हती. सिंह म्हटले की मराठी वाचकाला पुरे होते.

इंग्रजी अंमलात हा शब्द मराठी पाट्यांवरही चढला. कायद्याने नोंदलेल्या कंपन्या, पतपेढ्या आणि मंडळे यांची नावे इंग्रजीत ‘द’ने सुरू होत, आणि त्या नावाचे देवनागरीकरण करताना तो जसाच्या तसा ‘दि’ होऊन उतरला. नाटकांच्या जाहिरातींत ‘दि गोवा हिंदू असोसिएशन’ हे नाव मराठी प्रेक्षकांनी कित्येक वर्षे वाचले. ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणणारी संस्था तीच. सहकारी बँकांच्या फलकांवर तो ‘दि’ आजही भेटतो. मराठी वाक्यात त्याला अर्थ नाही, बोलताना तो कोणी उच्चारत नाही. पण नोंदणीच्या कागदावर आहे म्हणून पाटीवर आहे.

तर डेक्कनचा ‘द’ गेला कुठे? उत्तर संस्थेच्या नावातच आहे. इंग्रजीत एखादे नाव दुसऱ्या नामाचे विशेषण बनले की त्याचे स्वतःचे उपपद गळते. ‘द डेक्कन’ हा प्रदेश, पण ‘डेक्कन कॉलेज’, ‘डेक्कन एज्युकेशन सोसायटी’, 1906 चे ‘डेक्कन जिमखाना’. 1 जून 1930 रोजी मुंबई-पुणे धावू लागलेल्या ‘डेक्कन क्वीन’ला इंग्रजीत ‘द’ लावतात, पण तो राणीचा आहे, डेक्कनचा नाही. प्रदेशाचे नाव असे एकामागून एक संस्थांच्या अंगावर मोकळे चढत गेले आणि पुणेकरांच्या जिभेवर तेच रुळले. इंग्रज ज्याला बोट दाखवून ओळखत होते, ते नाव पुण्यातल्या लोकांनी आपल्या शाळांना, आपल्या मैदानाला दिले, आणि बोट आपोआप खाली आले. कोकणचेही तसेच झाले. 1998 साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने ते नाव ‘द’शिवाय देशभर नेले, आणि आज इंग्रजीत लिहिणारा मराठी माणूस ‘द कोकण’ फारच क्वचित लिहितो.

पंजाबच्या बाबतीत एकाच नावाच्या दोन वाटा झाल्या. पाच नद्यांचा मुलूख म्हणून इंग्रजीत तो ‘द पंजाब’. लाहोरला 1882 साली विद्यापीठ निघाले, ‘युनिव्हर्सिटी ऑफ द पंजाब’, आणि ते नाव तिथे आजही आहे. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेल्या विद्यापीठाचे नाव, जे आज चंडीगडला आहे, ‘पंजाब युनिव्हर्सिटी’. पाकिस्तानच्या राज्यघटनेत प्रांताच्या नावाआधी ‘द’ टिकला. भारताच्या घटनेतल्या राज्यांच्या यादीत तो नाही. आपल्या घटनेचा पहिलाच अनुच्छेद ‘इंडिया’ या शब्दाने सुरू होतो, उपपदाशिवाय. अरबीत मात्र याच देशाला उपपद लागते: ‘अल-हिंद’.

इंग्रजीत पुष्कळ देशांनी असा ‘द’ काही काळ अंगावर वागवला. लेबनॉन हे पर्वताचे नाव म्हणून ‘द लेबनॉन’. गंमत अशी की अरबीत त्या देशाच्या नावाला ‘अल’ लागत नाही. सुदानला अरबीत तो आहे, आणि इंग्रजीतही दीर्घकाळ ‘द सुदान’ रूढ होते. स्वातंत्र्य आले, स्वतःचे सरकार आले, की बहुतेक नावांचा ‘द’ हळूहळू सुटला. हा ओघ युक्रेनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसला.

युक्रेन 1991 च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला. तोवर इंग्रजीत ‘द युक्रेन’ म्हणण्याची चाल होती, आणि पुष्कळ अभ्यासक या नावाचा अर्थ ‘सीमेवरचा मुलूख’ असा लावतात. म्हणजे पुन्हा तेच, कोणाच्या तरी राज्याच्या कडेची ती पट्टी. नव्या देशाने आग्रह धरला की ‘द’ नको, आणि इंग्रजी पत्रे, सरकारे हळूहळू बदलली. यातली विचार करण्याजोगी गोष्ट अशी की युक्रेनी आणि रशियन या दोन्ही भाषांत मराठीसारखेच उपपद नाही. तिथला वाद शब्दयोग्याचा होता. रशियनमध्ये बेटे, डोंगर आणि प्रांत यांच्यापैकी काहींना ‘वर’ या अर्थाचे ‘ना’ लागते आणि राज्यांना ‘आत’ या अर्थाचे ‘व्ह’. युक्रेनसाठी ‘ना’ रूढ होते. 1993 साली युक्रेनच्या सरकारने ‘व्ह’ वापरावे अशी मागणी केली. ज्याच्या कानात ‘कोकणात’ आणि ‘देशावर’ यांतला फरक लहानपणापासून बसला आहे, त्या मराठी माणसाला ही मागणी इंग्रजापेक्षा लवकर कळावी. एका शब्दयोगी अव्ययासाठी एखादे राष्ट्र इतके हट्टाला पेटते, कारण त्या अव्ययात आपण स्वतंत्र राज्य आहोत की कोणाचा तरी भाग, याचे उत्तर दडलेले असते.

उलट दिशेने गेलेला देश आहे गांबिया. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेली ही चिंचोळी पट्टी. नदीवरून नाव, म्हणून ‘द’. स्वातंत्र्य 1965 च्या फेब्रुवारीत मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या पंतप्रधानांच्या कार्यालयाने भौगोलिक नावांचा निर्णय करणाऱ्या ब्रिटिश समितीला कळवले की आमच्या नावातला ‘द’ ठेवा आणि त्याचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहा. कारण व्यवहारी होते. त्याच सुमारास उत्तर ऱ्होडेशिया ‘झांबिया’ नावाने स्वतंत्र होत होता, आणि एका अक्षराच्या फरकाची दोन आफ्रिकी नावे टपालात, तारांत, बातम्यांत एकमेकांत मिसळण्याची भीती होती. युक्रेनला ‘द’ कमीपणाचा वाटला. गांबियाने तो ओळखीसाठी स्वतःहून मागून घेतला. शब्द तोच, पण दोन्ही वेळा निर्णय त्या देशाने स्वतः केला.

आपल्या शेजारीच एक नाव अजून या दोन अवस्थांच्या मध्ये आहे. नाशिकच्या सुरगाण्याला लागून असलेला डांग. सागाचे दाट जंगल आणि त्यात अनेक भिल्ल राजांचे छोटे छोटे मुलूख. 1842 साली इंग्रजांनी त्या राजांकडून जंगले पट्ट्याने घेतली, आणि इंग्रजीत त्या साऱ्या मुलखांना मिळून अनेकवचनी नाव पडले, ‘द डांग्ज’. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीत या भागावर मराठीचा हक्क सांगितला गेला. 1 मे 1960 ला तो गुजरातेत गेला. 2011 च्या जनगणनेच्या कोष्टकांत हा जिल्हा ‘द डांग्ज’ असाच आहे, जसा तमिळनाडूचा ‘द निलगिरीज’. गुजरात सरकार त्याला साधे ‘डांग’ म्हणते. सीमेच्या अलीकडे, अकोले-इगतपुरीच्या डोंगरांत, लोक आपल्या मुलखाला ‘डांगाण’ म्हणतात, आणि तिथल्या मुसळधार पावसात भाताच्या खाचरांतून औत ओढणाऱ्या बैलाची जात ‘डांगी’.